वाक्य कुठे संपते, हे मुलांना कसे शिकवावे?

चौथी-पाचवीच्या निबंधाच्या वहीत लाल शाईने सर्वांत जास्त वेळा लिहिला जाणारा शेरा बहुधा 'वाक्यरचना सुधारा' हाच असेल. शेरा खोटा नसतो, पण त्यातून मुलाला करण्यासारखे काहीच कळत नाही, कारण या दोन शब्दांखाली एकमेकांशी संबंध नसलेले किमान तीन दोष एकत्र टाकलेले असतात. एक मूल लिहिते, 'सुट्टीत आम्ही मामाच्या गावाला गेलो तिथे खूप आंबे होते आम्ही झाडावर चढलो मामाने बघितले'. दुसरे लिहिते, 'मामाच्या गावाला गेल्यावर. जेव्हा आंबे पडले.' तिसरे लिहिते, 'मी झाडावर चढून मामा ओरडला आणि मग आम्ही पळालो आणि मग आजी आली आणि मग तिने आंबे दिले.' पहिल्याची वाक्ये धड आहेत, त्यांच्यामध्ये फक्त खुणा नाहीत. दुसऱ्याला खूण माहीत आहे, पण वाक्य पूर्ण होण्याआधीच ती उमटली आहे. तिसऱ्याच्या वाक्याची आतली वीणच चुकली आहे, शिवाय ते थांबायलाही तयार नाही. या तिघांना एकच शेरा देणे म्हणजे तिघांनाही काहीच न शिकवणे होय. अर्धवट आणि लांबलेली वाक्ये ओळखायला आणि दुरुस्त करायला शिकवण्याच्या प्रश्नावर गेल्या साठ वर्षांत जगभर बरेच काम झाले आहे, आणि आपल्या परंपरेतही त्यावर फार जुना, फार नेमका विचार आहे. दोन्ही एकत्र पाहिले तर माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: वाक्याची हद्द व्याख्या पाठ करून कळत नाही. ती कानाने ओळखण्याच्या कसोट्यांनी आणि वाक्ये जोडण्या-तोडण्याच्या रोजच्या सरावाने कळते.

आधी पहिला दोष बाजूला काढू, कारण त्याला आपण नको इतके गंभीर मानतो. मराठी गद्य शेकडो वर्षे पूर्णविरामाशिवाय लिहिले गेले. मोडी लिपीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे एकाला एक जोडत जायची अशी रीत होती. वाक्ये तर सोडाच, शब्दही एकमेकांपासून वेगळे दिसत नसत. तरी पेशवे दफ्तरातली पत्रे वाचली जात होती, हुकूम पाळले जात होते. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कॅन्डी यांना दिले जाते आणि त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची आहे. म्हणजे ही सवय पावणेदोनशे वर्षांची. तिच्याशिवाय वाचकाचे भागत होते, कारण मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते. 'गेलो', 'होते', 'चढलो' असे रूप कानावर पडले की ऐकणारा समजतो, एक गोष्ट सांगून झाली. 'आम्ही गेलो तिथे आंबे होते' असे लिहिणाऱ्या मुलाला वाक्य ठाऊक असते, वाक्य दाखवण्याची लेखी रीत ठाऊक नसते. हा दोष सर्वांत सोपा. मुलाने आपलाच मजकूर मोठ्याने वाचायचा आणि क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ मारायची, एवढ्याने तो बराचसा सुटतो. श्वास घ्याल तिथे पूर्णविराम द्या, असे मात्र सांगू नये. मुले श्वास वाटेल तिथे घेतात आणि ठसक्यासाठी वाक्याच्या मध्येही थांबतात. इंग्रजी शाळांतल्या लहान मुलांचे लेखन तपासणाऱ्यांना तर ओळ संपली की पूर्णविराम देणारी मुलेही आढळली आहेत. त्यांच्या लेखी ती खूण कागदाच्या कडेची असते, अर्थाची नसते.

खरा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या दोषाचा आहे, आणि तिथे आपली नेहमीची व्याख्या मुलाला तोंडघशी पाडते. पूर्ण अर्थ सांगणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य, असे मूल पाठ करते. मग 'त्याने ते तिला दिले' हे वाक्य आहे की नाही? कोणी, काय, कुणाला दिले, काहीच कळत नाही. मूल म्हणेल अर्थ अपुरा आहे, आणि त्याच्या परीने ते बरोबर असेल. पण हे निर्दोष वाक्य आहे. उलट 'काल संध्याकाळी मुसळधार पाऊस पडल्यामुळे गावाबाहेरचा जुना पूल' यात माहिती भरपूर आहे, पण वाक्य नाही. दुसरी प्रचलित कसोटी कर्ता आणि क्रियापद शोधण्याची. ती इंग्रजीत बरीचशी चालते, कारण तिथे साध्या विधानात कर्ता गाळता येत नाही. मराठीत 'गेले', 'सांगते', 'येऊ का' ही एकेका क्रियापदाची पूर्ण वाक्ये आहेत, कारण कर्त्याचे लिंग, वचन, पुरुष यांतले बरेच काही रूपातच दिसते. 'आज लवकर सांजावले', 'मला मळमळते' यांत तर कर्ता शोधूनही सापडत नाही. आपल्या व्याकरणकारांना अशा वाक्यांसाठी वेगळा प्रयोग मानावा लागला. आणि 'हा माझा भाऊ', 'तिचे गाव सातारा' यांत क्रियापदच नाही, तरी ती पूर्ण आहेत. सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलाची अडचण याहून मोठी. तो एका तासाला इंग्रजीची कसोटी शिकतो आणि पुढच्या तासाला तीच मराठीला लावतो. दोन विधानांमध्ये नुसता स्वल्पविराम देणे इंग्रजीत चूक मानतात. मराठीत 'तो आला, बसला, काही न बोलता निघून गेला' यात कुणालाही काही खटकत नाही.

मग मराठी वाक्याची हद्द ठरवायची कशाने? या ठिकाणी आपल्याकडच्या दोन जुन्या विचारांची मदत घ्यावी असे मला वाटते. ती अभिमानापोटी नव्हे, ते वर्गात उपयोगी पडतात म्हणून. कात्यायनाने पाणिनीवरच्या वार्त्तिकात वाक्याची ओळख एका आख्यातावरून, म्हणजे एका पूर्ण क्रियारूपावरून करून दिली. क्रियापदांखाली रेघ मारण्याचा वर सांगितलेला उपाय याच विचाराचा आहे. दुसरा विचार मीमांसकांचा, आणि तो जास्त खोल आहे. जैमिनीपुढे नेमका आपलाच प्रश्न होता: ऋचेला छंद असतो, सामाला गाणे असते, पण यजुर्वेदातल्या सलग गद्यात एक यजुस् कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते? त्याने दिलेले उत्तर असे की, ज्या शब्दांचे मिळून एकच प्रयोजन आहे आणि जे तोडले तर तुकड्यांना एकमेकांची अपेक्षा उरते, ते एक वाक्य. या अपेक्षेलाच शास्त्रात आकांक्षा म्हणतात. ही एकच कसोटी दोन्ही बाजूंनी लावता येते. तुकडा वाचल्यावर ऐकणारा 'मग?', 'तेव्हा काय?', 'पुलाचे काय?' असे विचारत राहिला, तर वाक्य अर्धवट आहे. आणि लांबलेल्या वाक्याचे तुकडे केल्यावर एकाही तुकड्याला दुसऱ्याची गरज भासली नाही, तर ते मुळात एक वाक्य नव्हतेच. आठ वर्षांच्या मुलाला आकांक्षा हा शब्द शिकवायची गरज नाही. 'पुढे काय, असे विचारावेसे वाटते का?' एवढा प्रश्न पुरे.

मराठीत ही अपेक्षा निर्माण करणारी ठिकाणे ठरावीक आहेत आणि ती मुलांना दाखवता येतात. 'जेव्हा' आले की कान 'तेव्हा'ची वाट पाहतो. 'जर'ला 'तर' लागतो, 'जो'ला 'तो', 'जसे'ला 'तसे'. ही जोडी अर्धी राहिली की वाक्य लटकते. '-ल्यावर', '-ताना', '-ल्यामुळे', '-ऊन' यांनी संपणारा तुकडा मुख्य क्रियापदावाचून उभा राहत नाही. याला जोड म्हणून एक चाचणी वापरता येते. इंग्रजीत अशा चाचण्या रे नोगुची यांनी १९९१ च्या पुस्तकात मांडल्या. मुलाच्या मनात मातृभाषेचे जे न शिकवलेले ज्ञान असते, त्याच्याकडूनच निवाडा करून घ्यावा, हे त्यांचे म्हणणे. मराठीत तुकड्याआधी 'मला ठाऊक आहे की' हे शब्द लावून पाहावेत. 'मला ठाऊक आहे की त्याने ते तिला दिले' हे बसते. 'मला ठाऊक आहे की मामाच्या गावाला गेल्यावर' असे म्हटले की मूल आपणच थांबते आणि पुढचे शोधू लागते. प्रश्न आणि आज्ञा यांना ही चाचणी लागू पडत नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. पण मुलांच्या वहीतली बहुतेक वाक्ये विधानेच असतात.

आता संशोधनाकडे. व्याकरण वेगळा विषय म्हणून शिकवल्याने लेखन सुधारते का, या प्रश्नावर इंग्रजी जगात जितकी भांडणे झाली तितकी भाषाशिक्षणाच्या क्वचितच दुसऱ्या प्रश्नावर झाली असतील. १९६३ साली अमेरिकेत ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की, औपचारिक व्याकरणाचा लेखनावर होणारा परिणाम नगण्य आहे, आणि लिहिण्याचा वेळ खाल्ला गेल्यामुळे तो घातकही ठरू शकतो. १९८६ मध्ये जॉर्ज हिलॉक्स यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हाही कल तोच दिसला. २००७ च्या 'रायटिंग नेक्स्ट' अहवालात स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे प्रयोग तपासले. व्याकरणाच्या पाठांचा परिणाम उणे ०.३२ निघाला आणि छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा अधिक ०.५०. यातला उणे आकडा वापरताना सबुरी हवी. बऱ्याच प्रयोगांत व्याकरणाचा वर्ग हा तुलनेसाठी ठेवलेला वर्ग होता, त्याच्यावर कुणी विशेष मेहनत घेतलेली नव्हती. पण जोडणीच्या सरावाचा फायदा मात्र वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत पुनःपुन्हा दिसला. इंग्लंडमध्ये ५ ते १६ वयोगटाविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेला अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांचा आढावाही तेच सांगतो. फ्रँक ओहेअर यांनी १९७३ साली सातवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात व्याकरणाची एकही संज्ञा न वापरता हा सराव दिला होता, आणि त्या मुलांची वाक्यरचना त्यांच्या वयाच्या बरीच पुढे गेली होती.

यावर एक रास्त शंका येते. जोडायला शिकवले तर लांबलेली वाक्ये वाढणार नाहीत का? याचे उत्तर केलॉग हंट यांच्या १९६५ च्या कामात आहे. चौथी, आठवी आणि बारावीच्या मुलांचे लेखन तपासताना त्यांच्या ध्यानात आले की, वाक्याची लांबी हे प्रगतीचे मापच नव्हे. लहान मुले 'आणि, आणि' करत लांबच लांब वाक्ये लिहितात. म्हणून त्यांनी एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली गौण वाक्ये एवढे एकक धरून मोजले, आणि मग वाढ स्पष्ट दिसली: मोठी मुले गोष्टी एकापुढे एक मांडत नाहीत, एकीला दुसरीच्या आत बसवतात. लांबलेले वाक्य ही जोडण्याच्या अतिरेकाची खूण नाही. जोडायचे एकच साधन हाती असल्याची ती खूण आहे. मीना शॉनेसी यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात नवशिक्या प्रौढ विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध तपासून १९७७ साली हेच दुसऱ्या अंगाने दाखवले. चुकीमागे आळस नसतो, काहीतरी गुंतागुंतीचे सांगण्याची धडपड असते आणि त्या धडपडीला रचना अपुरी पडते. 'मग', 'आणि' खोडून टाकायला लावणारा शिक्षक मुलाच्या हातातले एकमेव साधनही काढून घेतो.

मराठीतला हा सराव कसा असावा, यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण इथे नुसते इंग्रजी नमुने आणून भागणार नाही. 'मी झाडावर चढलो' आणि 'मामा ओरडला' ही दोन विधाने घ्या. ती 'आणि'ने जोडली तर नुसता क्रम कळतो. 'मी झाडावर चढताच मामा ओरडला' म्हटले की मामाची नजर आधीपासून तिकडेच होती असे वाटते. 'चढत असताना' म्हटले तर ओरडण्याने पडायची भीती निर्माण होते. 'चढलो म्हणून' म्हटले की दोष पत्करला जातो, 'चढल्यावर' म्हटले की उशीर झालेला असतो, 'मामा ओरडला तरी मी झाडावर चढलो' म्हटले की मुलगा हट्टी ठरतो. एवढे सगळे एका फळ्यावर दहा मिनिटांत होते आणि मुले ते चवीने करतात, कारण प्रत्येक जोडणीसरशी गोष्ट बदलते. इथेच '-ऊन'ची मेख समोर येते. बखरींपासून आजीच्या गोष्टींपर्यंत मराठी कथनाचा कणा म्हणजे हे '-ऊन': उठून, आवरून, डबा घेऊन, शाळेत जाऊन. ही साखळी कितीही लांबली तरी चालते, कारण करणारा एकच असतो. करणारा बदलला की ती तुटते, आणि 'मी झाडावर चढून मामा ओरडला' हे कानाला बोचते. पण 'करणारा एकच हवा' हा नियम सरसकट सांगून मोकळे होता येत नाही. 'पाऊस पडून नदीला पूर आला' यात पाऊस आणि पूर वेगळे आहेत, तरी वाक्य चांगले आहे, कारण एकातून दुसरे घडले. 'त्याला पाहून मला आनंद झाला' यात व्याकरणाने कर्ता आनंद आहे, पण पाहणारा आणि आनंदणारा मीच आहे. सूत्र पाठ करून मूल हे शिकणार नाही. दहा बरी-वाईट वाक्ये ऐकवून 'यातले कुठले खटकते?' असे विचारले तर त्याच्या कानात ते आधीपासूनच आहे असे दिसून येते.

हे सगळे आपल्याकडे नवे आहे असेही नाही. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि पुढे मो. रा. वाळंबे यांच्या घरोघरी पोचलेल्या 'सुगम मराठी व्याकरण लेखना'पर्यंत वाक्यविचाराची मोठी परंपरा आहे. केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्ये, वाक्यांचे पृथक्करण आणि संकलन हे सारे आपल्या शाळांना पूर्वीपासून ठाऊक आहे. घोटाळा झाला तो क्रमात आणि हेतूत. पृथक्करण आणि संकलन वरच्या वर्गांत, ठरवून दिलेल्या सुट्या वाक्यांवर, प्रकार ओळखून गुण मिळवण्यासाठी आले. ज्या वयात मुलाची स्वतःची वाक्ये लटकतात किंवा पळत सुटतात, त्या वयात, त्याच्याच वाक्यांवर ते कधी आले नाही. हा सराव चौथीत आणावा आणि संज्ञा सातवीत द्याव्यात.

संज्ञा अजिबात नकोत, असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. क्रियापद म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर रेघ कशाखाली मारणार? एक्सेटर विद्यापीठात डेब्रा मायहिल आणि सहकाऱ्यांनी १२-१३ वर्षांच्या मुलांवर केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्याकरण हे लेखनाच्या कामाशी बांधून शिकवल्यावर फायदा दिसला. तो आधीच बरे लिहिणाऱ्यांना जास्त झाला, आणि हा इशारा आहे: संज्ञा ही कमकुवत मुलांसाठीची पहिली पायरी नव्हे. साहित्यिक तर अर्धी वाक्ये सर्रास लिहितात, मग मुलांनाच का अडवायचे, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. कवितेत, संवादात, बातमीच्या मथळ्यात तुटक वाक्य शोभते. 'कुठे चाललास?' याला 'शाळेत' हे उत्तर पुरेसे आहे, कारण त्याची अपेक्षा प्रश्नाने भागवली. मुलाला अर्धवट वाक्य लिहू नको असे सांगायचे नाही. आपण अर्धे लिहिले हे त्याला कळले पाहिजे, आणि हवे तेव्हा पूर्ण करता आले पाहिजे. 'कारण'ने किंवा 'पण'ने वाक्य सुरू करू नये हा काही वर्गांत चालणारा नियमही याच कसोटीवर सोडून द्यावा. मराठीत 'तो आला नाही. कारण तो आजारी होता.' हे रूढ आणि स्वच्छ आहे.

यांपेक्षा कठीण आक्षेप वेगळा आहे. कानाच्या सगळ्या कसोट्या मातृभाषेच्या जाणिवेवर उभ्या आहेत. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारच्या डोंगरांत भिली बोलत शाळेत आलेल्या मुलाला 'हे खटकते का?' असे विचारणे अन्यायाचे आहे, कारण प्रमाण मराठी हे त्याचे ऐकलेले जगच नव्हे. त्याच्यासाठी लेखी दुरुस्तीच्या आधी बराच काळ ऐकणे-बोलणे हवे. जोड्या लावलेली वाक्ये तोंडी, खेळातून, भरपूर ऐकवावी लागतील. जिथे शिक्षकाला मुलाची भाषा येते तिथे अपेक्षेची कसोटी आधी त्या भाषेत लावून पाहावी. एखादी गोष्ट सांगून झाली की अजून राहिली, हे ओळखणे कुठल्याही भाषेच्या मुलाला येते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांसाठी एक पथ्य पुरेसे आहे: वाक्याची हद्द तपासताना शब्दांचे प्रमाणरूप तपासू नये. दोन्ही दुरुस्त्या एकाच वेळी केल्या की मूल लिहिणेच आखडते घेते.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि परीक्षेचा. एका वर्गात पन्नास वह्या असताना प्रत्येक वाक्य सुधारणे शिक्षकाला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. रोज एका निनावी परिच्छेदातली दोन-तीन वाक्ये फळ्यावर घ्यावीत, बाकीचे काम मुलांनी जोडीजोडीने एकमेकांना वाचून दाखवत करावे. लाल शाईने उत्तर लिहून देण्याऐवजी समासात खूण करावी आणि जागा मुलाला शोधू द्यावी. परीक्षा बदलणे याहून निकडीचे आहे. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' हा आपला जुना प्रश्न नकळत दोन्ही दोष शिकवतो. कुणी प्रश्नातले शब्द उतरवून शेवटी एक शब्द चिकटवतो, तर जास्त ठाऊक असलेले मूल सगळी माहिती 'आणि'ने बांधून एकाच वाक्यात कोंबते, कारण दुसरे वाक्य लिहिले तर गुण जाईल अशी भीती असते. त्याऐवजी विरामचिन्हे काढलेला आठ ओळींचा परिच्छेद द्यावा आणि वाक्ये वेगळी करायला सांगावे. त्यातली कुठलीही तीन जोडून एक करायला सांगावे, आणि तसेच का जोडले ते एका ओळीत विचारावे. अशा प्रश्नाची एकाहून जास्त उत्तरे बरोबर असतील. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांत तसे स्पष्ट लिहिले पाहिजे, नाहीतर पहिल्याच वर्षी नमुना-उत्तर छापले जाईल आणि मुले तेच पाठ करतील.